टॉलपडलचे सहा शेतमजूर : हालअपेष्टा आणि श्रद्धा



संकटे माणसाला घडवतात, हे वाक्य आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. सोने आगीतून गेल्यावाचून उजळत नाही, टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही, असे दाखलेही आपण देत असतो. या वाक्याबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. घाव सोसणाऱ्याच्या तोंडून ते क्वचितच ऐकू येते. ज्याच्या हाती टाकी आहे, त्याच्याच तोंडून ते अधिक ऐकू येते. कामगार चळवळीत माझी तीस वर्षे गेली. पगारवाढीची मागणी नाकारताना, कष्टानेच माणूस मोठा होतो, असा उपदेश करणारे मालक मी पुष्कळ पाहिले. स्वतःच्या मुलाला त्या मोठेपणाची संधी देणारा मात्र एकही पाहिला नाही.

आणि तरीही हे वाक्य साफ खोटे आहे, असे म्हणवत नाही. हालात माणसे मोडतात हे जितके खरे, तितकेच काही माणसे त्याच हालांतून अधिक खंबीर आणि अधिक श्रद्धावान होऊन बाहेर पडतात, हेही खरे. मग हा फरक कोठून येतो? या प्रश्नाचा विचार मी आज एका जुन्या हकिकतीच्या आधाराने करणार आहे. ही हकिकत इंग्लंडातील सहा शेतमजुरांची आहे. त्यांतील पाच जण निष्ठावंत ख्रिस्ती भक्त होते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण संघटनेच्या इतिहासाची पाने चाळताना मला हे सहा जण भेटले आणि त्यांनी माझी पाठ सोडली नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. डॉर्चेस्टर हे त्याचे मुख्य गाव, आणि तेथून सात मैलांवर टॉलपडल हे लहानसे खेडे. गवताने शाकारलेली घरे, एक जुने दगडी चर्च, भोवती जमीनदारांची शेते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील मजुराची स्थिती फार हलाखीची होती. गावाच्या मोकळ्या गायरानांना कुंपणे पडून ती खासगी झाली होती. चार मेंढरे किंवा एखादी गाय राखून संसाराला हातभार लावण्याची सोय गेली होती. पुढे मळणीयंत्रे आली आणि हिवाळ्यातले कामही गेले. १८३० साली दक्षिण इंग्लंडात मजुरांचा उद्रेक झाला. यंत्रे फोडली गेली, गंजी पेटल्या. 'कॅप्टन स्विंग' या कल्पित नावाने धमकीची पत्रे जाऊ लागली. सरकारने तो उद्रेक कठोरपणे मोडून काढला. एकोणीस जणांना फाशी झाली आणि जवळजवळ पाचशे जणांना काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. जमीनदारांच्या मनात त्या वर्षाची धास्ती कायम राहिली. डॉर्सेटचे एक बडे जमीनदार आणि मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन हे अशांपैकीच एक. मजूर चार जण जमून बोलू लागले की त्यांना बंडाचा वास येई.

टॉलपडलच्या मजुराला त्या सुमारास आठवड्याला नऊ शिलिंग मिळत. आसपासच्या भागांत दर दहा शिलिंगांचा होता. मजुरांनी तेवढाच दर मागितला. मालक आणि मजूर यांची बैठक झाली. गावचे धर्मगुरू डॉक्टर वॉरन तिला साक्षी होते. मजुरांनी निमूटपणे काम करावे, इतरत्र जो दर आहे तो मालक देतील, असे ठरले आणि धर्मगुरूंनी त्याची हमी घेतली. यानंतर काय झाले? दर वाढला नाही; उलट आठ शिलिंगांवर आला, पुढे सातांवर आला, आणि आता सहांवर आणू असे मालक म्हणू लागले. मजुरांनी धर्मगुरूंना त्यांच्या शब्दाची आठवण दिली, तेव्हा त्यांनी असा शब्द दिलाच नव्हता असे सांगून हात झटकले. ही हकिकत मजुरांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस याने १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलेली आहे.

हा लव्हलेस कोण? नांगर धरणारा साधा शेतमजूर. वय सदतीसच्या आसपास, घरी बायको आणि तीन मुले. पण त्याची एक दुसरी ओळख होती. तो मेथडिस्ट पंथाचा उपदेशक होता. या पंथाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

जॉन वेस्ली (१७०३-१७९१) हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचाच एक धर्मगुरू होता. १७३९ साली त्याने ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथे कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या लोकांपुढे उघड्या माळावर प्रवचने सुरू केली. ज्यांना चर्चच्या बाकांवर जागा नव्हती, त्यांच्याकडे धर्म चालत गेला. पुढे या पंथाने माणसे बांधण्याची एक सोपी रीत पाडली. साधारण दहाबारा माणसांचा एक वर्ग. आठवड्यातून एकदा त्याची बैठक. एक पेनी वर्गणी. आणि प्रत्येकाने आपल्या मनाची झाडाझडती सर्वांसमोर द्यायची. प्रवचन करायला पगारी धर्मगुरू हवाच असे नाही. मजूर, चांभार, विणकर कोणीही, योग्यता दिसली की उपदेशक होई. आपल्याकडे वारकरी फडांत कुणब्याच्या, शिंप्याच्या मुलाला कीर्तनाला उभे राहण्याचे जसे धैर्य आले, तसेच काहीसे हे होते.

संघटनेच्या कामात मुरलेल्या माणसाला येथे एक गोष्ट चटकन दिसते. वर्गणी गोळा करणे, तिचा हिशेब ठेवणे, बैठकीला वेळेवर येणे, चार लोकांसमोर न अडखळता बोलणे, आणि दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेणे, या साऱ्या गोष्टी युनियनला लागतात. आणि त्या या मजुरांना त्यांच्या प्रार्थनामंदिरानेच शिकवल्या होत्या. लव्हलेसने तुटपुंज्या मजुरीतून पैसा पैसा वाचवून धर्मविषयक पुस्तकांचा एक लहानसा संग्रह केला होता. तो कोणत्याही मोठ्या शाळेत गेलेला नव्हता. सहा दिवस शेतात राबायचे आणि रविवारी मैलोन्‌मैल चालत जाऊन प्रवचन करायचे, असा त्याचा क्रम. एवढ्या तयारीचा माणूस गावात आधीपासून होता, म्हणून पुढे सात शिलिंगांचा प्रश्न निघाला तेव्हा गंजी न पेटता युनियन निघाली.

१८३३ च्या ऑक्टोबरात टॉलपडलच्या मजुरांनी 'शेतमजुरांची मित्रसंस्था' काढली. प्रवेश फी एक शिलिंग, पुढे दर आठवड्याला एक पेनी. नियमांत स्पष्ट लिहिलेले होते की, संस्थेचे हेतू हिंसेच्या मार्गाने कधीही साध्य होणार नाहीत. युनियन काढणे हा त्या वेळी गुन्हाही नव्हता. मजुरांच्या एकजुटीवर बंदी घालणारे कायदे १८२४ सालीच रद्द झाले होते. पुढल्या वर्षी संपावर काही बंधने आली, पण संघटनेचा हक्क शाबूत राहिला होता. मग हे लोक कशात सापडले? शपथेत. त्या काळच्या कारागिरांच्या संस्थांत नव्या सभासदाचे डोळे बांधून, गुडघे टेकवून, बायबलावर हात ठेवून त्याच्याकडून गुप्ततेची शपथ घेण्याची चाल होती. मालकाला नाव कळले की काम जाई, म्हणून ही गुप्तता. ९ डिसेंबर १८३३ रोजी थॉमस स्टँडफील्डच्या घराच्या माडीवर असाच विधी झाला. त्या दिवशी शपथ घेणाऱ्यांत एडवर्ड लेग आणि जॉन लॉक हे दोन मजूर होते.

फ्रॅम्प्टन यांना बातमी लागली. त्यांनी गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार केला. तेव्हा एक जुना कायदा सापडला. १७९७ साली नोअर येथे आरमारातील खलाशांनी बंड केले होते. तसली बंडाळी मोडण्यासाठी गुप्त शपथा बेकायदा ठरवणारा तो कायदा होता. खलाशांसाठी केलेला कायदा नांगऱ्यांना लावायचे ठरले. १८३४ च्या फेब्रुवारीत गावोगाव इशाऱ्याचे कागद डकवण्यात आले; आणि ते डकवून दोनतीन दिवस होतात न होतात तोच, २४ फेब्रुवारीच्या पहाटे, शिपाई दारात उभा राहिला. लव्हलेस कामाला निघण्याच्या बेतात होता. सहा जणांना धरले : जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. बेड्या नाहीत, आरडाओरड नाही. शिपायासोबत सात मैल चालत ते डॉर्चेस्टरच्या तुरुंगात गेले. तेथे त्यांची डोकी भादरण्यात आली.

तुरुंगात दोन माणसे लव्हलेसला भेटली, आणि या दोन भेटी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. पहिला एक वकील. मॅजिस्ट्रेटांना युनियनची सारी माहिती दे, पुन्हा तिचे नाव घेणार नाही असे वचन दे, म्हणजे घरी बायकोकडे जाता येईल, असे त्याने सुचवले. म्हणजे सोबत्यांचा घात करायचा का, असे लव्हलेसने विचारले. आणि त्यापेक्षा पडेल ती शिक्षा भोगीन, असे सांगून त्याला परत पाठवले. दुसरा आला तो तुरुंगाचा धर्मगुरू. मजूर आळशी आणि असंतुष्ट आहेत, मालकांचा नाश करायला निघाले आहेत, मालकांपेक्षा मजुरांचेच बरे चालले आहे, असे त्याने ऐकवले. पहिल्या भेटीत लव्हलेसच्या शीलाची परीक्षा झाली, दुसऱ्या भेटीत त्याच्या श्रद्धेची. माझ्या मते दुसरी परीक्षा अधिक अवघड होती. शत्रूने घातलेला मोह ओळखता येतो. पण आपल्याच देवाचे नाव घेऊन कोणी आपल्याला दोषी ठरवू लागला, म्हणजे माणूस आतून हलतो.

खटला मार्चमध्ये उभा राहिला. तो चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या पंचमंडळाचे प्रमुख विल्यम पॉन्सनबी हे गृहमंत्र्यांचे मेहुणे होते, आणि फ्रॅम्प्टन स्वतः त्या मंडळात बसले होते. लेग आणि लॉक यांनी साक्ष दिली. न्यायमूर्ती जॉन विल्यम्स यांनी १९ मार्च १८३४ रोजी शिक्षा सुनावली : सात वर्षे काळे पाणी. तुम्ही काही केले म्हणून नव्हे, तर इतरांना जरब बसावी म्हणून ही शिक्षा आहे, अशा अर्थाचे न्यायमूर्ती बोलले, असे लव्हलेसने नमूद केले आहे. न्यायालयातून बाहेर नेत असताना त्याने एका कागदावर देवाचे आणि स्वातंत्र्याचे नाव घेऊन चार ओळी लिहिल्या आणि तो कागद जमलेल्या लोकांत टाकला. पहारेकऱ्याने तो लगेच हिसकावून घेतला.

पाच जणांना 'सरे' नावाच्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला नेले; ते १७ ऑगस्टला सिडनीस उतरले. जॉर्ज लव्हलेस तुरुंगात आजारी पडल्यामुळे मागे राहिला होता. त्याला दुसऱ्या जहाजाने टास्मानियात नेऊन सप्टेंबरात उतरवले. तेथे त्याला आरंभी बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळीत रस्त्यावर खडी फोडायला लावले, नंतर सरकारी शेतीवर धाडले. झोपडी गळकी, माणसे अधिक आणि बिछाने कमी. सिडनीला उतरलेले पाच जण एकमेकांपासून तोडून दूरदूरच्या मळ्यांवर वाटून देण्यात आले. हॅमेटला अंगावरच्या कपड्यांनिशी शेकडो मैल चालत आपल्या मालकाच्या मळ्यावर जावे लागले. कोवळ्या ब्राइनला वाटेत लुटारूंनी नागवले. पायांत जोडे नसताना त्याला खांबांचे खड्डे खणावे लागले, आणि पुढे मेंढ्या धुण्यासाठी कित्येक दिवस पाण्यात उभे राहावे लागले. चाळिशी ओलांडलेला थॉमस स्टँडफील्ड मेंढपाळ झाला. त्याचा मुलगा जॉन तीनचार मैलांवरच्या मळ्यावर होता. काही आठवड्यांनी तो बापाला भेटायला गेला, तेव्हा बापाच्या अंगभर फोड उठलेले होते आणि त्याची दशा पाहवत नव्हती.

इकडे गावात त्यांच्या बायकांनी धर्मादाय मदत मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. ज्यांच्या नवऱ्यांना युनियनची वर्गणी द्यायला पैसे होते, त्यांना मदत कशाला, असा तो युक्तिवाद होता. श्रोतेहो, हालांचा इतिहास सांगताना आपण पुरुषांच्या बेड्या मोजतो; पण आठवड्याला सात शिलिंगही बंद झालेल्या घरात चूल कशी पेटली असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. लंडनच्या कामगारांनी समिती नेमून वर्गणी जमवली आणि त्या कुटुंबांना जगवले. एक पेनी देणाऱ्या लोकांनीच एक पेनी देणाऱ्यांना तारले.

२१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्‌स या मैदानावर हजारो कामगार जमले. दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन शिस्तीत मोर्चा निघाला. मोर्चाच्या अग्रभागी आपला धर्मगुरूचा झगा घालून डॉक्टर आर्थर वेड चालत होते. हे वेड राजमान्य चर्चचेच होते, आणि वॉरनही त्याच चर्चचे. एकाने हमी देऊन ती नाकारली. दुसरा, ज्यांची ओळखदेखील नाही अशा मजुरांसाठी भर रस्त्यात उतरला. तेव्हा अमुक एक धर्म मालकांचा आणि अमुक एक मजुरांचा, असे सरसकट बोलता येत नाही. मेलबर्न यांनी त्या दिवशी अर्ज स्वीकारला नाही. परंतु चळवळ थांबली नाही. पार्लमेंटमध्ये टॉमस वेकली यांनी प्रश्न धसास लावला. राजाचा सख्खा भाऊ ड्यूक ऑफ कंबरलंड हा ज्या ऑरेंज संघटनेचा प्रमुख होता, तिच्यातही गुप्त शपथा चालतात. मग त्याला काळे पाणी का नाही, असा सवाल पुढे आला. अखेर मार्च १८३६ मध्ये सहाही जणांना पूर्ण माफी जाहीर झाली.

माफी झाली, पण माणसे लगेच परतली नाहीत. जॉर्ज लव्हलेस जून १८३७ मध्ये लंडनला पोहोचला. त्याच्या उशिराचे कारण ऐकण्यासारखे आहे. माफीपूर्वी, गव्हर्नरच्या सांगण्यावरून, त्याने बायकोला टास्मानियात येण्याविषयी पत्र लिहिले होते. आता आपण निघालो आणि ती समुद्रावर असली, तर त्या परक्या मुलखात ती एकटी उतरेल. म्हणून तिचे उत्तर येईपर्यंत त्याने जहाजावर पाऊल ठेवले नाही. चौघे जण मार्च १८३८ मध्ये परतले. हॅमेट तर १८३९ च्या ऑगस्टपर्यंत आला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हालांनी या माणसांना घडवले का?

प्रथम लेग आणि लॉक यांचा विचार करा. तेही टॉलपडलच्याच भागातले मजूर. त्यांच्याही वाट्याला तेच सात शिलिंग होते. लॉकचा बाप फ्रॅम्प्टन यांच्या बागेत माळी होता. त्यांना पुढे करून सरकारने साक्ष मिळवली. भूक जर आपोआप शील घडवत असती, तर हे दोघेही लव्हलेस झाले असते. मी त्यांना शिव्याशाप देण्यासाठी हे सांगत नाही. ज्याच्या बापाची भाकरी मॅजिस्ट्रेटच्या हातात आहे, त्याने कसे वागावे हे इथे पंख्याखाली बसून सांगणे सोपे आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या चाळीत एका बिऱ्हाडाने भांडी विकली आणि त्यातून शेजारच्या मुलाची फी भरली. दुसऱ्या बिऱ्हाडातला कर्ता पुरुष दारूत बुडाला. तिसऱ्यातला रात्री मागच्या दाराने कामावर गेला. उपास सर्वांचाच सारखा होता. माझी शाळाही नववीनंतर त्याच ओढाताणीत सुटली. उपासाने आमच्यापैकी कोणालाही थोर केले नाही. आधी जे होते, ते त्याने उघडे केले एवढेच.

म्हणून मला असे वाटते की, हाल माणसाला घडवत नाहीत. हालांपूर्वी माणसाने स्वतःला जे घडवलेले असते, ते हालांत कामी येते. लव्हलेसचे शील तुरुंगात तयार झाले नाही. दहाबारा माणसांच्या त्या आठवड्याच्या बैठकांत, दिव्याच्या उजेडात वाचलेल्या पुस्तकांत, रविवारच्या पायपिटीत ते आधीच तयार झाले होते. वकिलाने सौदा पुढे केला, तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. जुनी सवयच बोलली.

पण हे म्हटल्यावरही हालांनी एक गोष्ट निश्चित केली. त्यांनी लव्हलेसची श्रद्धा बदलली नाही, ती खोल केली. खोल केली म्हणजे काय? टॉलपडलचे मजूर आणि त्यांचे धर्मगुरू एकच बायबल वाचत. त्यात सोशिकतेची वचने आहेत, आणि मजुराची मजुरी अडकवून ठेवणाऱ्यांना कठोर इशारेही आहेत. त्या काळच्या चर्चमधून मजुराला पहिली ऐकवली जात आणि दुसरी गाळली जात. ज्याने हमी मोडली तो धर्मगुरू, ज्याने तुरुंगात हिणवले तो धर्मगुरू. वेस्लियन पंथाच्या वरिष्ठ मंडळींनीही या सहा जणांसाठी बोट उचलले नाही. असे चहूकडून झाले म्हणजे माणसापुढे दोनच सरळ वाटा दिसतात. एक, देवाला सोडावे. दुसरी, धर्मगुरू म्हणतात तेच देवाचे म्हणणे असे मानून मान खाली घालावी. लव्हलेसने तिसरी वाट काढली. त्याने देव आणि देवाचे कारभारी यांच्यात फरक केला. परत आल्यावर १८३८ साली त्याने चर्चच्या वागणुकीवर टीका करणारे एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्याच वेळी आपली प्रार्थनाही चालू ठेवली. माणसाच्या श्रद्धेला आधार देणारे सगळे बाहेरचे टेकू निघून गेले, आणि तरीही ती उभी राहिली; खोल होणे याचा अर्थ मी असा समजतो. आणि या श्रद्धेने त्याला गप्प बसवले नाही. मजुरांचे दुःख दुसरे कोणी येऊन दूर करणार नाही, ते मजुरांनीच हाती घेतले पाहिजे, हा त्याच्या १८३७ च्या पुस्तकाचा निष्कर्ष आहे.

येथे एक प्रामाणिक पुरवणी जोडली पाहिजे. सहावा माणूस हॅमेट मेथडिस्ट नव्हता. प्रवचन, पुस्तके, प्रार्थना हा त्याचा मार्ग नव्हता. तरी त्यानेही सोबत्यांविरुद्ध शब्द काढला नाही, आणि सर्वांत अधिक वर्षे परमुलखात त्यानेच काढली. धैर्य ही श्रद्धावंतांचीच मिरास नाही. पण पाचांना श्रद्धेने आणि सहाव्याला पाचांच्या संगतीने धरून ठेवले असावे, असे मला वाटते. एकटा माणूस हालांत क्वचितच घडतो.

पुढे काय झाले? लोकवर्गणीतून एसेक्स परगण्यात पाच जणांना शेते घेऊन देण्यात आली. तेथे ते चार्टिस्ट चळवळीत, म्हणजे मताधिकाराच्या लढ्यात, सामील झाले. ब्राइनने थॉमस स्टँडफील्डच्या मुलीशी लग्न केले. १८४० नंतरच्या दशकात हे पाच जण कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन शहराच्या परिसरात जाऊन स्थायिक झाले. तेथे लव्हलेसने मेथडिस्ट प्रार्थनामंदिर उभारण्यास हातभार लावला, आणि १८७४ साली तो वारला. आपल्या शिक्षेचा बोभाटा त्या मंडळींनी नव्या देशात केला नाही. हॅमेट मात्र टॉलपडललाच परतला आणि बांधकामावर मजुरी करीत राहिला. १८७२ साली जोसेफ आर्च या दुसऱ्या एका मेथडिस्ट उपदेशकाने शेतमजुरांची देशव्यापी युनियन उभी केली, आणि १८७५ साली त्या चळवळीने हॅमेटला एक घड्याळ देऊन त्याचा सत्कार केला. तोच हॅमेट १८९१ साली डॉर्चेस्टरच्या गरीबगृहात मेला. त्याच्या थडग्यावर कोरीव दगड बसला तो १९३४ साली, म्हणजे शिक्षेला शंभर वर्षे झाली तेव्हा.

ही हकिकत परदेशाची म्हणून आपल्याला परकी वाटू नये. १९१८ साली मद्रासेत बी. पी. वाडिया यांनी कामगार संघ काढला आणि दोनतीन वर्षांतच गिरणीमालकांनी उच्च न्यायालयातून त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम आणला. टॉलपडलला खलाशांचा कायदा लावला गेला, मद्रासला इंग्लंडातून आलेला जुना दंडक, रीत तीच. तेव्हा आपल्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावात जन्मलेले, भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनला कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. एकत्र येणे हा कट नव्हे, हे या देशातल्या कायद्याने प्रथम तेव्हा नीट मान्य केले. पावतीपुस्तक घेऊन मी निर्धास्त फाटकावर उभा राहू शकलो, त्यामागे जोशी आहेत आणि त्यांच्याही मागे टॉलपडलची ती माडी आहे.

तेव्हा, श्रोतेहो, हालांचे गोडवे आपण गाऊ नयेत. सात शिलिंगांत कसलेही पावित्र्य नव्हते. ते दहा झाले असते तर लव्हलेसची श्रद्धा उणी झाली नसती, आणि त्याच्या मुलांना पोटभर जेवण मिळाले असते. सोबत्यांसाठी माणसाने आपण होऊन पत्करलेले हाल एक, आणि दुसऱ्याच्या लोभापायी त्याच्यावर लादलेले हाल दुसरे. पहिल्यांपुढे आपण नमस्कार करावा. दुसरे नाहीसे करण्यासाठी झटावे. आणि संकटांनी माणूस घडतो असे ज्यांना अगदी सांगायचेच असेल, त्यांनी ते अवश्य सांगावे. मात्र प्रथम त्या संकटांतला आपला वाटा उचलावा आणि मग सांगावे. लव्हलेसला तो अधिकार होता. त्याने तो इतरांना सोशिकता शिकवण्यासाठी वापरला नाही, ही त्याच्या श्रद्धेची मला पटलेली सर्वांत मोठी खूण आहे.